पेन्सिल सेल, लिथियम आणि हातातले जीपीएस

साताऱ्यात एखाद्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन ‘लिथियमचा सेल द्या’ असे म्हटले, तर दुकानदार बहुधा नाण्यासारखा चपटा, गोल सेल समोर ठेवतो. मोटारीच्या किल्लीत किंवा लहान वजनकाट्यात बसतो तो. ‘हा नव्हे, पेन्सिल सेलच्या आकाराचा हवा’ असे सांगितले, की तो एक तर नकारार्थी मान हलवतो, किंवा आतून शोधून, आकाराने हुबेहूब पेन्सिल सेल पण दाबाने ३.७ व्होल्टचा, असा विजेरीतला सेल काढून देतो. आपण मागितलेला सेल या दोन्हींपेक्षा वेगळा असतो. त्यातला पहिला सेल जीपीएस यंत्रात बसतच नाही, त्यामुळे त्याच्यापासून धोका नाही. दुसरा मात्र अगदी नीट बसतो, आणि यंत्र कायमचे निकामी करू शकतो. तिन्ही सेलांवर ‘लिथियम’ हाच शब्द छापलेला असल्यामुळे हा घोटाळा होतो, म्हणून सुरुवात त्या शब्दापासूनच करणे बरे.

लिथियम हे सेलचे नाव नसून धातूचे नाव आहे. १८१७ मध्ये स्वीडनमधील योहान आउगुस्त आर्फवेडसन या रसायनशास्त्रज्ञाला एका खनिजात हे मूलद्रव्य सापडले. त्याचा अणुक्रमांक ३ असून ते सर्वांत हलके धातुरूप मूलद्रव्य आहे. त्याची घनता पाण्याच्या जेमतेम निम्मी भरते. हा धातू आपला इलेक्ट्रॉन फार सहजपणे सोडून देतो, आणि सेल बनवणाऱ्याला हवा असतो तो नेमका हाच गुण. परंतु सेलचा दाब एकट्या लिथियममुळे ठरत नाही. सेलमध्ये इलेक्ट्रॉन सोडणारा एक पदार्थ आणि ते स्वीकारणारा दुसरा पदार्थ अशी जोडी असते, आणि दाब ठरतो तो त्या जोडीवरून. लिथियमची जोडी मँगनीज डायऑक्साइडशी जमवली की सुमारे ३ व्होल्ट मिळतात, आणि तो झाला नाण्यासारखा सेल. जोडी लोह डायसल्फाइडशी, म्हणजे सोन्यासारख्या चमकणाऱ्या पायराइट या खनिजाच्या रसायनाशी जमवली, की सुमारे १.५ व्होल्ट मिळतात, म्हणजे आपल्या नेहमीच्या पेन्सिल सेलइतकेच. जीपीएस यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘लिथियम’ म्हणून जो पेन्सिल सेल सांगितलेला असतो, तो हा. तो एकदाच वापरायचा असतो. लिथियम-आयन हे तिसरे प्रकरण पुन्हा भारित होणारे असून १९९१ मध्ये सोनी कंपनीने ते बाजारात आणले आणि आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तेच असते. त्याच्या एका सेलचा दाब सुमारे ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो.

आता यंत्राकडे वळू. मोबाइलमध्ये नकाशा असताना हातातले वेगळे जीपीएस यंत्र कोण वापरतो, असा प्रश्न सांगलीतल्या एका सुशिक्षित नातेवाइकाने मला विचारला होता. बामणोलीहून शिवसागर जलाशय बोटीने ओलांडून वासोट्याला जाणारे, कासच्या पठारावर वनस्पतींच्या जागा नोंदवणारे, चांदोलीच्या बाजूला पाहणीसाठी फिरणारे, माण-खटाव आणि जतच्या भागात बांधबंदिस्ती व जलसाठ्यांच्या जागा टिपणारे असे लोक ते वापरतात. (शेताच्या बांधाचा वाद मात्र या यंत्राने सुटत नाही. मोकळ्या आकाशाखालीसुद्धा त्यात काही मीटरची चूक राहते, आणि बांधाचे भांडण तर वितीचे असते. त्यासाठी मोजणी खात्याचा रोव्हर, म्हणजे याहून कितीतरी अचूक असे उपग्रहावर चालणारे मोजणीयंत्र लागते.) मोबाइलमधले जीपीएस नेटवर्क नसले की बंद पडते, असा समज अनेकांचा आहे आणि तो चुकीचा आहे, उपग्रहांचे संदेश मोबाइल मनोऱ्याविनाही मिळतात. अडचण वेगळीच असते. कोयनेच्या जंगलात मोबाइल सतत मनोरा शोधत राहतो, त्या शोधात त्याची बॅटरी झपाट्याने उतरते, आणि ती उतरली की जंगलात बदली बॅटरी मिळत नाही. हातातल्या यंत्रात पेन्सिल सेल चालतात, आणि ते बामणोलीच्या किराणा दुकानातही मिळतात. माझ्या मते वेगळे यंत्र बाळगण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

हे यंत्र वीज खाते तरी किती? जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात, आणि त्यांचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत अतिशय क्षीण झालेला असतो. तो टिपून, त्यातून वेळ व अंतरे काढून, दर सेकंदाला स्थान मांडायचे एवढे काम यंत्राला अखंड करावे लागते. तरीही त्याची भूक फार नाही. गार्मिनच्या ईट्रेक्स १०, २०, ३० या २०११ सालच्या यंत्रांसाठी कंपनीने दोन पेन्सिल सेलवर सुमारे २५ तास सांगितले होते, तर जीपीएसमॅप ६४ या मोठ्या यंत्रासाठी १६ तास. उलट हिशोब केला, तर लहान यंत्राला सरासरी पाव वॉटच्या आसपास वीज लागते असे दिसते. हे आकडे पडद्यामागचा दिवा मंद किंवा बंद असतानाचे असतात. दिवा सतत पेटता ठेवला की ते भराभर खाली येतात.

या पाव वॉटमध्ये एक मेख आहे. यंत्राच्या आतल्या मंडलाला ठरावीक दाब लागतो, पण सेलचा दाब तर वापराबरोबर घटत जातो. म्हणून यंत्रात दाब वाढवणारे एक परिवर्तक बसवलेले असते. आपल्याकडच्या वाचकाला ते समजायला टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना पुरेशा आहेत. कृष्णेचे पाणी खाली असते आणि कवठेमहांकाळ-आटपाडीची शिवारे वर असतात. पंप ते पाणी उचलून वर देतात. नदीची पातळी जितकी खाली जाईल, तितके तेवढ्याच पाण्यासाठी पंपाला अधिक कष्ट पडतात. परिवर्तकाचेही तसेच होते. दोन ताज्या सेलांचा मिळून ३ व्होल्ट दाब असताना पाव वॉटसाठी साधारण ८३ मिलिअँपिअर प्रवाह ओढावा लागतो. तोच दाब २ व्होल्टवर आला की १२५ मिलिअँपिअर ओढावा लागतो. म्हणजे सेल दमत चालला, की यंत्र त्याला अधिकच राबवते. शेवटी नदीची पातळी पंपाच्या तोंडाखाली गेली की पंप हवा घेतो आणि थांबतो, तसेच दर सेलमागे दाब १ व्होल्टच्या आसपास आला की यंत्र स्वतःला बंद करून घेते.

मग कोणत्या सेलची नदी कशी आटते, ते पाहायला हवे.

अल्कलाइन सेल म्हणजे दुकानात सर्वत्र मिळणारा चांगल्या प्रतीचा पेन्सिल सेल. तो दीड व्होल्टपासून सुरुवात करून उताराच्या रस्त्यासारखा सावकाश खाली येत राहतो. शिवाय जसजसा तो संपतो, तसतसा त्याचा अंतर्गत रोध, म्हणजे सेलच्या आतच प्रवाहाला होणारा अडथळा, वाढतो. त्यामुळे अंधार पडल्यावर यंत्राचा दिवा लावला, की वाढलेल्या ओढीने दाब एकदम बसतो आणि यंत्र बंद होते. सेलमध्ये मात्र अजून जीव शिल्लक असतो. यंत्राने ‘संपले’ म्हणून टाकलेले असे सेल घरातल्या भिंतीवरच्या घड्याळात कित्येक महिने चालतात, कारण घड्याळाची ओढ अगदीच नगण्य असते. तेव्हा ते लगेच फेकू नयेत.

पुन्हा भारित होणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल भारित केल्यावर १.४ व्होल्टच्या आसपास असतो, लवकरच १.२ वर खाली येतो आणि तिथे बराच काळ टिकून राहतो. दाब कमी म्हणजे सेल अशक्त, असा अर्थ काढू नये. त्याचा अंतर्गत रोध कमी असल्याने तो मोठी ओढ अल्कलाइनपेक्षा चांगली सोसतो. जुन्या पद्धतीचे असे सेल भारित करून कपाटात ठेवले, की महिन्याभरात बराच भार आपोआप गमावत. सॅन्यो कंपनीने २००५ मध्ये आणलेल्या एनेलूपसारख्या सेलांनी ही खोड मोठ्या प्रमाणात घालवली, आणि आता वर्षभर पडून राहिलेला सेलही बहुतांश भार राखून असतो.

लिथियम-लोह डायसल्फाइड सेलचे वागणे या दोन्हींहून निराळे आहे. अगदी नवा, न वापरलेला सेल मोजला तर १.८ व्होल्टच्या जवळपास दाब दाखवतो, पण काम सुरू होताच तो दीड व्होल्टच्या आसपास उतरतो आणि मग जवळजवळ सपाट चालतो. आपल्या पठारांसारखा. कासचे पठार दूरवर सपाट जाते आणि मग एकाएकी कडा येतो, तसा या सेलचा दाब अखेरपर्यंत सपाट राहून मग कड्यावरून कोसळतो. त्याची क्षमता सुमारे ३,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) असते. १.४५ व्होल्ट सरासरी धरली, तर एका सेलमध्ये साधारण ४.३५ वॉट-तास ऊर्जा होते. निकेलच्या २,००० एमएएच सेलमध्ये ती २.४ वॉट-तास असते, आणि अल्कलाइनमध्ये ओढीनुसार कमीजास्त, ढोबळमानाने ३ वॉट-तासांच्या आसपास. म्हणजे लिथियमची एक जोडी अल्कलाइनच्या दीडपट आणि निकेलच्या पावणेदोनपटीहून थोडी अधिक चालते. वजनही कमी : लिथियमचा एक सेल १५ ग्रॅमचा, अल्कलाइनचा सुमारे २३ ग्रॅमचा आणि निकेलचा २६ ते ३० ग्रॅमचा.

एवढे वाचून कोणालाही वाटेल, की मग लिथियमच घ्यावा आणि विषय संपवावा. मलाही तसेच वाटले होते. काही वर्षांपूर्वी वासोट्याहून नागेश्वराच्या गुहेकडे जाताना माझ्या यंत्रात लिथियमची जोडी होती, आणि बॅटरीचे चिन्ह सकाळपासून पूर्ण भरलेले दिसत होते. ती जोडी आधीच्या दोन भटकंतींत वापरलेली आहे, हे मला ठाऊक होते. पण चिन्ह भरलेले दिसत असताना कोण शंका घेतो? परतीच्या वाटेवर, दाट झाडीत आणि ऊन कलल्यावर, चिन्ह भरलेल्यावरून एका झटक्यात रिकामे झाले आणि काही मिनिटांतच पडदा काळा पडला. सोबतच्यांपैकी एकाच्या विजेरीतले सेल काढून यंत्रात घातले आणि आम्ही खाली उतरलो. (आमच्याकडे विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात, ‘बॅटरीतले सेल काढ’ हे वाक्य परगावच्या माणसाला कोड्यात टाकते.) दोष यंत्राचा नव्हता आणि सेलचाही नव्हता. यंत्र सेलमध्ये डोकावून आत किती रसायन उरले आहे ते पाहू शकत नाही. ते फक्त दाब मोजते आणि त्यावरून अंदाज बांधते. माझ्या यंत्रात बॅटरीचा प्रकार ‘अल्कलाइन’ असाच निवडलेला होता. अल्कलाइनच्या उताराच्या तक्त्यावर १.४५ व्होल्ट म्हणजे जवळजवळ नवा सेल, आणि लिथियमचा दाब तर शेवटपर्यंत तितकाच राहतो.

म्हणून यंत्राच्या सेटिंगमध्ये बॅटरीचा प्रकार बदलण्याची सोय दिलेली असते. अल्कलाइन, लिथियम आणि रिचार्जेबल असे पर्याय बहुतेक यंत्रांत सापडतात. तिथे चुकीचा पर्याय राहिला म्हणून यंत्र जळत नाही, फक्त त्याचा अंदाज चुकतो. निकेलचे भरलेले सेल घालून पर्याय ‘अल्कलाइन’ ठेवला, तर यंत्र १.२ व्होल्ट पाहून सेल अर्धेअधिक संपले असे समजते आणि दिवसभर उगाच इशारे देत राहते. लिथियमच्या बाबतीत चूक उलट दिशेची होते आणि म्हणून अधिक महागात पडते, कारण ती खोटा धीर देते. पर्याय योग्य निवडला तरी सपाट पठारावर कडा किती दूर आहे ते दाबावरून सांगणे अवघडच असते. त्यामुळे लिथियम वापरणाऱ्याने चिन्हावर विसंबण्यापेक्षा तास मोजावेत. मी सेल घातल्याची तारीख आणि दर वेळी झालेले तास यंत्राच्या पिशवीतल्या चिठ्ठीवर लिहितो. ही पद्धत जुनाट दिसते खरी, पण चिन्हापेक्षा चिठ्ठी विश्वासाची ठरली आहे.

आता मुख्य प्रश्न : आपण लिथियम घ्यावा का? लिथियम सेलची जी शिफारस सर्वत्र वाचायला मिळते, तिच्यातले पहिले कारण थंडी हे असते. अल्कलाइन आणि निकेल या दोन्ही सेलांतले द्रावण पाण्यावर आधारलेले असते. थंडीत त्यातली आयनांची, म्हणजे विद्युतभारित कणांची हालचाल मंदावते आणि सेल लवकर हात टेकतो. लिथियममध्ये पाणी नसते (असूच शकत नाही, कारण लिथियम आणि पाणी यांचे वैर आहे). त्यात सेंद्रिय द्रावक असतो, आणि म्हणून हा सेल उणे ४० अंशांपर्यंत चालतो असे उत्पादक सांगतात. हे सर्व खरे आहे, पण ते बर्फाच्या प्रदेशातल्या माणसांसाठी लिहिलेले आहे. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात एखाद्या हिवाळ्यात पहाटेचे दव गोठते आणि त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत झळकतात. तो आपल्या थंडीचा कळस. इतर ठिकाणी, सातारा असो की सांगली, सेलला हुडहुडी भरावी इतका पारा उतरत नाही. तेव्हा केवळ सह्याद्रीत फिरणाऱ्याने थंडीसाठी म्हणून लिथियमचे कित्येक पट अधिक पैसे मोजण्यात मला काही अर्थ दिसत नाही. हिवाळ्यात उत्तराखंड-हिमाचलच्या बर्फात जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. तिथे लिथियमला पर्याय नाही, आणि तिथेही बदली जोडी पाठपिशवीत न ठेवता अंगाजवळच्या खिशात ठेवावी.

आपल्याकडे लिथियमच्या बाजूने उभी राहणारी कारणे दुसरीच आहेत, आणि त्यांतले पहिले पावसाळा. जूनमध्ये जंगलाच्या वाटा बंद होतात, यंत्र कपाटात जाते आणि त्यातले अल्कलाइन सेल काढायचे राहून जातात. असा पडून राहिलेला, विशेषतः संपत आलेला सेल पाझरतो. त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिसळते आणि यंत्राच्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमते. सप्टेंबरात कासला फुले आली म्हणून यंत्र काढावे, तर ते चालू होत नाही. ही भुकटी अल्कधर्मी असल्यामुळे कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसली तर निघते. नंतर ओलावा पूर्ण वाळू द्यावा, आणि हाताला लागू देऊ नये. स्प्रिंग कुरतडली गेली असेल, तर मात्र दुरुस्तीवाल्याकडेच जावे लागते. लिथियम सेल असा क्वचितच पाझरतो. दुसरे कारण त्याच्या टिकण्याचे आहे. न वापरता ठेवलेला हा सेल २० वर्षांपर्यंत चांगला राहतो असे उत्पादक सांगतात, आणि नेमका अडीअडचणीला लागणारा सेल असाच हवा.

म्हणून माझा हिशोब असा आहे. रोजच्या वापराला निकेलचे दोन जोड, आणि पिशवीच्या तळाशी, वेष्टन न फोडलेली लिथियमची एक जोडी. जो महिन्यातून चार-पाच वेळा पाहणीला जातो, त्याने दर वेळी एकदाच वापरायचा महागडा सेल जाळणे हे पैशाच्या आणि कचऱ्याच्या, दोन्ही दृष्टींनी वाईट. जो वर्षातून दोनदा यंत्र बाहेर काढतो, त्याने मात्र निकेल भारित करत बसण्यापेक्षा थेट लिथियमच घालून ठेवावा.

थंडीपेक्षा आपल्या भागात उष्णतेची काळजी अधिक घ्यावी लागते, आणि ती सर्वाधिक घ्यावी लागते ती लिथियम-आयनच्या बाबतीत. जत-आटपाडीकडे मे महिन्यात बाहेरच पारा ४० च्या वर असतो. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तो ६० च्या पुढेही जातो. काही जीपीएस यंत्रांत पेन्सिल सेलऐवजी अशी बॅटरी आतच बसवलेली असते; असे यंत्र तिथे ठेवून जेवायला जाणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य स्वतःच्या हाताने कमी करणे. लिथियम-आयनला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत : पूर्ण भार आणि उष्णता. पावसाळ्यात यंत्र कपाटात ठेवताना बॅटरी काठोकाठ न भरता अर्ध्याच्या आसपास ठेवावी, आणि दोन-अडीच महिन्यांनी एकदा पाहावी. अशा यंत्रांचे गुणही मान्य करायला हवेत; नव्या यंत्रांपैकी काही एका भारात कित्येक दिवस चालतात आणि पॉवर बँकेवर भरता येतात. पण पाच-सहा वर्षांनी बॅटरी थकली, की ती बदलण्यासाठी यंत्र उघडावे लागते, आणि मग त्याचा जलरोधक सांधा पूर्वीसारखा बसेलच याची खात्री नसते.

आता सुरुवातीच्या त्या ३.७ व्होल्टच्या सेलकडे. बाजारात तो १४५०० या क्रमांकाने ओळखला जातो. १४ मिलिमीटर व्यास आणि ५० मिलिमीटर लांबी, म्हणजे पेन्सिल सेलचाच आकार. पूर्ण भरल्यावर त्याचा दाब ४.२ व्होल्ट होतो. असे दोन सेल एकामागे एक बसवले, की ३ व्होल्टसाठी बनवलेल्या यंत्रात ८.४ व्होल्ट शिरतात. त्याच आकाराचा ३.६ व्होल्टचा, न भारित होणारा लिथियम थायोनिल क्लोराइड सेलही असतो, जो मोजमापाच्या मीटरांमध्ये बसवतात. तोही तितकाच अयोग्य. तेव्हा सेल घेताना आकार आणि ‘लिथियम’ हा शब्द पाहून थांबू नये, वेष्टनावर १.५ व्होल्ट छापलेले आहे का, ते डोळ्यांनी वाचावे.

१.५ व्होल्ट छापलेला आणि तरीही पुन्हा भारित होणारा असा एक नवा प्रकार अलीकडे ऑनलाइन बराच खपतो. त्याच्या पोटात लहानसा लिथियम-आयन सेल आणि दाब १.५ व्होल्टपर्यंत उतरवणारे एक इवलेसे परिवर्तक असते. बहुतेकांना वर यूएसबीचे छिद्रही असते. यात धोका नाही, पण दोन उणिवा आहेत. परिवर्तक दाब अखेरच्या क्षणापर्यंत बरोबर १.५ व्होल्ट ठेवते आणि मग वीज तोडते. म्हणजे मघाशी सांगितलेला कडा इथे अगदी भिंतीसारखा उभा. दुसरी उणीव अशी, की त्या परिवर्तकातून निघणारा विद्युत गोंगाट यंत्राच्या अँटेनाच्या अगदी जवळ असतो, आणि उपग्रहांचा क्षीण संदेश पकडण्यात तो अडथळा आणू शकतो. सर्वच सेल तसे करत नाहीत. घराच्या गच्चीवर उभे राहून, आधी साधे सेल आणि मग हे सेल घालून, यंत्रातल्या उपग्रहांच्या पानावर संदेशाचा जोर दाखवणाऱ्या पट्ट्यांची उंची ताडून पाहावी. पट्ट्या स्पष्टपणे बसलेल्या दिसल्या तर ते सेल विजेरीत घालावेत. शिवाय त्यांच्या वेष्टनावरचे मोठाले आकडे नीट वाचावेत. तिथे बहुधा एमएएच नसून मिलिवॉट-तास छापलेले असतात. ३,६०० मिलिवॉट-तासांना दीड व्होल्टने भागले की २,४०० एमएएच उरतात.

काही गोष्टी थोडक्यात. वेगवेगळ्या प्रकारचे, किंवा एक नवा आणि एक अर्धा वापरलेला असे सेल एकत्र घालू नयेत. दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि दणकट सेल त्याच्यातून उलट दिशेने प्रवाह ढकलत राहतो, त्यामुळे दुबळा तापतो किंवा पाझरतो. एकदाच वापरायचा लिथियम सेल निकेलच्या चार्जरमध्ये कधीही लावू नये, कारण त्यात धातुरूप लिथियम असते आणि त्याला भारित करू पाहणे म्हणजे आगीला आमंत्रण. आमच्या लहानपणी रेडिओचे उतरलेले सेल उन्हात वाळत घालत किंवा दाताने चावून दाबत, आणि जुन्या जस्त-कार्बन सेलांना त्याने तात्पुरती तरतरी येतही असे. लिथियमवर हा प्रयोग करू नये. यंत्र महिनोन्महिने बिनसेलचे पडले असेल, तर निघण्यापूर्वी मोकळ्या मैदानात थोडा वेळ चालू ठेवावे. एकेका उपग्रहाची कक्षेची माहिती अर्ध्या मिनिटात मिळते, पण सर्व उपग्रहांचे पंचांग (त्यांच्या कक्षांची ढोबळ माहिती) उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात, आणि हे काम झाडीत करायला लावले तर वीज वाया जाते.

विमानाने हिमालयाकडे जाणाऱ्यांनी सुटे लिथियम सेल, मग ते कोणत्याही प्रकारचे असोत, केबिनमधल्या पिशवीतच ठेवावेत. सामानकक्षात जाणाऱ्या बॅगेत त्यांना परवानगी नसते. संपलेले सेल घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नयेत, आणि उसाचे पाचट पेटवलेल्या रानात तर मुळीच नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तालुक्याच्या गावी संकलनाची सोय नेहमी हाताशी असतेच असे नाही, म्हणून मी दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून असे सेल एका कोरड्या बरणीत साठवतो आणि पुण्याला जाणे झाले की तिथल्या ई-कचरा केंद्रात देतो. टोकांना पट्टी लावायची ती एवढ्यासाठी, की ‘संपलेल्या’ सेलातही ठिणगी पाडण्याइतका भार उरलेला असू शकतो.